जुन्या गाडीला नावं ठेवण्याआधी : बेळगाव, खानापूर, गोकाकचे चार दिवस

पहिला दिवस : कोल्हापूर ते बेळगाव

डिसेंबरचा पहिला आठवडा. सकाळी सहाला कोल्हापूर सोडलं तेव्हा कागलपर्यंत धुकं इतकं दाट होतं, की पुढं चाललेल्या सरांच्या बुलेटचा फक्त लाल दिवा दिसत होता. सरांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहेत, पण १९७८ ची बुलेट अजून रोज किक मारून चालू करतात. माझी येझदी रोडकिंग १९८६ ची. बेळगावात आतेभाऊ आम्हाला मिळणार होता. त्याच्याकडं राजदूत ३५० आहे, १९८५ ची, आणि खरं तर त्या गाडीपायीच ही सहल ठरली होती.

राजदूत ३५० बद्दल माझं मत कॉलेजपासून पक्कं होतं. ती म्हणजे यामाहाच्या आरडी ३५० ची आपल्याकडची आवृत्ती, आणि ‘रॅपिड डेथ’ हे आरडीचं टोपणनाव मी शंभर वेळा तरी लोकांना ऐकवलं असेल. गाडी शेपूट हलवते, ब्रेक लागत नाही, चालवणाऱ्याला खाते. मी मात्र ती जेमतेम दोन वेळा चालवली होती, तीही कुणाच्या तरी मोडकळीला आलेल्या गाड्या. आतेभाऊ दर दिवाळीला माझ्याशी यावरून भांडायचा. या खेपेला सरांनी निकाल लावायचं ठरवलं. तिन्ही गाड्या, तिघे चालक, एकच रस्ता. अदलाबदल करायची आणि मग बोलायचं.

निपाणीत पहिला चहा. तवंदीचा घाट चढताना बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये ठोके टाकत शांतपणे वर गेली. रोडकिंग तिच्या मागोमाग, थोडी जास्त ओरडत. संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट असं करत साडेदहाच्या सुमाराला बेळगाव.

आतेभावानं चहा होण्याआधीच किल्ली माझ्या हातात दिली. कॅम्पातल्या झाडांच्या रस्त्यावर मी तीनचार किलोमीटर गेलो. साठला पोचताच मागचं चाक डावी-उजवी करायला लागलं. वळणात तर गाडी दोन तुकड्यांत जोडल्यासारखी वाटली. परत येऊन मी म्हणालो, “हेच तर मी इतकी वर्षं सांगतोय.”

सरांनी विचारलं, “परीक्षा गाडीची घेतलीस की तिच्या झिजलेल्या बुशाची?”

त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. खट्, खट्. स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यात, चांगलाच खेळ होता, आणि तो हाताला नुसता जाणवत नव्हता, डोळ्यालाही दिसत होता.

मग उद्यमबाग. बेळगावच्या या भागात फाउंड्र्या आणि मशीनशॉप इतके आहेत, की जुन्या गाडीवाल्याला इथं आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पार्ट बाजारात मिळत नसेल तर समोरच्या लेथवर तयार होतो. आतेभावाचे मिस्त्री सत्तरीला टेकलेले. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, लेथवाल्याशी कन्नड, आणि एकाच वाक्यात तिन्ही. त्यांनी स्विंगआर्म काढला आणि आतला मूळ प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची नळी, अंगठ्यानं दाबून दाखवला. तो अंड्यासारखा लांबट झाला होता. “गाडीला नावं ठेवायच्या अगोदर तिचं हाड बघा ओ,” म्हणाले.

गनमेटलचा तुकडा आला, लेथवर चढला. मिस्त्री दर कापाला शाफ्ट आत घालून बघायचे, नाक मुरडायचे, परत काढायचे. शेवटी शाफ्ट स्वतःच्या वजनानं सावकाश खाली उतरला, ना अडकला ना पडला. तेव्हा कुठं त्यांनी पाना हातात घेतला.

ब्रेकचं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटलं. राजदूतच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, स्वतंत्र लिव्हरनं उघडतात आणि दोन्ही लिव्हर बाहेरच्या एका दांडीनं जोडलेले असतात. दांडीची लांबी चुकली की एकच शू काम करतो, दुसरा नुसता सोबतीला. मिस्त्रींनी शूवरच्या लायनरवर, म्हणजे घासणाऱ्या अस्तरावर, पांढरा खडू घासला, चाक बसवलं, फिरवून ब्रेक दाबला, परत उघडलं. एका शूवरचा खडू पुसला गेला होता. दुसऱ्यावर तो जसाच्या तसा, नखाएवढा डाग सोडून. म्हणजे आतेभाऊ कितीतरी वर्षं अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवत होता, आणि मी त्या अर्ध्या ब्रेकवरून अख्ख्या मॉडेलचा निकाल देत होतो. लायनरचे उंचवटे पॉलिशपेपरनं काढून, दांडी जुळवून चारदा हेच केलं. चौथ्यांदा दोन्ही शूंवरचा खडू सारखा गेला.

हे घरी करणार असाल तर एक सांगतो. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

रात्री कुंदा खाल्ला, कोमट, वाटीतून. दूध आटवून तपकिरी होईपर्यंत परतलेला तो रवाळ खवा दिवसभराच्या ऑइलच्या वासावर फार बरा वाटला.

दुसरा दिवस : जांबोटी, कणकुंबी

हा सहलीचा मुख्य दिवस. सकाळी गाड्या थंड असतानाच सरांनी तिन्हींच्या टायरमध्ये कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणं हवा भरली आणि टायरच्या कडेचे आकडे वाचले. शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी रबर दहा वर्षांचं असेल तर वळणात गाडी घसरते आणि दोष मॉडेलच्या माथी जातो. आमचे तिन्ही जोड बरे निघाले.

नियम तीन. सगळ्यांनी तोच बारा किलोमीटरचा टप्पा धरायचा. साठच्या वर जायचं नाही. आणि उतरल्यावर आधी वहीत लिहायचं, मग तोंड उघडायचं. तिसरा नियम सरांचा आणि तोच सर्वांत कामाचा ठरला. पहिला माणूस “जड आहे रे” म्हणाला की पुढच्याला ती जडच लागते.

जांबोटीच्या पुढं रस्ता जंगलात शिरतो. सकाळची थंडी, ओल्या पानांचा वास, वळणावळणाला ऊन आणि सावली. पावसाळ्यात इथं कोसळधार असते आणि तिच्या खुणा डांबरावर राहतात. मधेच गुळगुळीत पट्टा, मधेच उखडलेली कड. गाडी तपासायला याहून चांगला रस्ता नाही.

मला आधी बुलेट मिळाली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. पहिल्याच वळणाआधी माझा उजवा पाय सवयीनं ब्रेक दाबायला गेला आणि गिअर पडला. छातीत धस्स झालं. त्या क्षणी कुणी मत विचारलं असतं तर मी ‘धोक्याची गाडी’ असंच सांगितलं असतं. दहा किलोमीटरनंतर पाय शिकले, आणि मग गाडी कळायला लागली. एकोणीस इंची चाकं खड्ड्यात पडत नाहीत, त्यावरून जातात. इंजिन खालच्या फेऱ्यांवर ओढतं. वळणात एकदा रेघ धरली की सोडत नाही.

बुलेटला लोक म्हैस म्हणतात. पण १९४९ साली ती इंग्लंडात विक्रीला आली तेव्हा बऱ्याच गाड्यांना मागं स्प्रिंगच नसायची, आणि हिला स्विंगआर्म होता. जॉनी ब्रिटननं १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल या ३५० बुलेटवरच जिंकली. दगडधोंड्यांवरून, ओढ्यांतून, पाय न टेकता चालवायची स्पर्धा ती. म्हशीला हे जमत नसतं. पुढं आपल्याकडं तीच गाडी सायलेन्सर बदलून, जड क्रॅशगार्ड आणि पेट्या लावून शहरात फिरायला लागली आणि तिची ख्याती आवाजावर ठरली.

जांबोटीच्या टपरीवर एक आजोबा काठी टेकत गाड्यांपाशी आले. रोडकिंगच्या टाकीवर हात ठेवून म्हणाले, “ही म्हैसूरची.” येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाच्या गाड्या १९६१ पासून १९९६ पर्यंत म्हैसूरलाच बनल्या, हे त्यांना साल न सांगता माहीत होतं. तरुणपणी त्यांच्याकडं जावा होती. मागं भाताचं पोतं, त्यावर पोरगं, आणि रस्ता तेव्हा लाल मातीचा. मी विचारलं, “ब्रेक कसा होता?” म्हणाले, “त्या रस्त्यावर वेग कुठं होता, ब्रेकास विचारायला?” सरांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरून घेतलं.

दुसऱ्या फेरीत मी राजदूतवर बसलो. मागं काही हललं नाही. चार हजार फेऱ्यांपर्यंत ती एखाद्या सभ्य शंभर सीसीसारखी चालली, आणि पाच हजारांच्या पुढं पाठीत कुणीतरी धक्का दिल्यासारखी उसळली. सहा गिअर, हलकं स्टिअरिंग, नजर जिथं जाईल तिथं गाडी. साठच्या नियमात तिला ठेवणं अवघड होतं, पण वळणात मला एकदाही भीती वाटली नाही. वहीत मी लिहिलं, ‘फ्रेम निर्दोष. माझं मत चुकीचं होतं.’ लिहायला जड गेलं, पण लिहिलं.

कणकुंबीला मलप्रभेचं उगमस्थान. कुंडातलं पाणी काळंशार आणि थंड, माणसं चार. हीच नदी पुढं जाऊन कृष्णेला मिळते यावर त्या कुंडाकडं बघून विश्वास बसत नाही. जेवण एका घरगुती खानावळीत, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुकी मिरची. गोव्याच्या हद्दीत उतरलो नाही.

परतताना एका मोकळ्या सरळ पट्ट्यावर, मागंपुढं माणूस बघून, ब्रेकची चाचणी घेतली. पन्नासवरून थांबायचं, लागोपाठ सहा वेळा. पहिल्या दोनतीन खेपांना तिन्ही गाड्या जवळपास सारख्याच अंतरात थांबल्या. पुढं ड्रम तापून राजदूतचा ब्रेक लिव्हर हँडलच्या जवळ जवळ यायला लागला. सरांनी रस्त्याकडेच्या मातीत काडीनं गणित मांडलं. वेग दीडपट-पावणेदोनपट झाला की ऊर्जा त्याच्या वर्गानं वाढते. साठच्या ऐवजी शंभरवरून थांबायचं तर ड्रमला पावणेतीन पटीहून जास्त उष्णता गिळावी लागते. सोळा हॉर्सपॉवरची येझदी आणि अठराची बुलेट त्या वेगाला उशिरा पोचतात, फार वेळ तिथं राहत नाहीत. तीस हॉर्सपॉवरची राजदूत तिथं सहज जाते. जपानी आरडी ३५० ला १९७३ पासून पुढं डिस्क ब्रेक होता. आपल्याकडं १९८३ साली ती आली ती ड्रम घेऊन.

म्हणून माझं आताचं मत असं आहे. गाडी शेपूट हलवते हा आळ खोटा. ब्रेक कमी पडतो हे खरं, पण तेही इंजिनाच्या मानानं. टोपणनाव पडलं त्या काळात एकपदरी रस्ते होते, हेल्मेट क्वचित कुणाच्या डोक्यावर असायचं, आणि गिऱ्हाईक राजदूत १७५ किंवा बुलेटवरून थेट हिच्यावर बसायचा. आतेभावाला यातला ब्रेकचा भाग पटला नाही. दोघं बेळगाव येईपर्यंत वाद घालत होतो.

तिसरा दिवस : खानापूर, नंदगड, हलशी

आत्याचं गाव खानापूरच्या पुढं. खळ्यावर भाताची मळणी चालू होती आणि अंगणभर कोंडा उडत होता. आत्यानं गाड्यांकडं न बघता आधी आम्हाला बसवलं. “खाल्ल्याबिगर कोण हलायचं नाही.” नव्या तांदळाचा भात, आमटी, शेंगाची चटणी, वर घरचं तूप.

जेवताना सरांनी आदल्या दिवशीच्या वह्या काढल्या. माझ्या येझदीबद्दल दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकच ओळ लिहिली होती. ‘डावीकडं ओढते.’

मी मानायला तयार नव्हतो. अकरा वर्षं ही गाडी माझ्याकडं आहे. रोडकिंग सरळ चालणारी गाडी म्हणून मी तिचं नाव सगळीकडं सांगतो. सर म्हणाले, “सुतळी आण.”

मळणीसाठी आणलेली सुतळी होतीच. मागच्या चाकाला जमिनीपासून वीतभर उंचीवर वेढा घेऊन तिची दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणली, एक मी धरलं, एक आतेभावानं. मागचं चाक सरळ असेल तर दोन्ही सुतळ्या पुढच्या टायरपासून सारख्या अंतरावर राहतात. उजवीकडं करंगळी जाईल एवढी फट होती. डावीकडं सुतळी टायरला घासत होती.

मी खाली बसून बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिलो. चेन ताणताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर खुणेवर खूण ठेवून फिरवायचे आणि निर्धास्त व्हायचं, एवढंच मी करत आलो होतो. पण त्या खुणा मुळात बरोबर आहेत का हे कधी तपासलं नव्हतं. चाक तिरकं राहिलं, माझा उजवा हात हँडल रेटायला शिकला आणि डोक्याला पत्ताच लागला नाही. परक्याच्या गाडीचा दोष मला चार किलोमीटरमध्ये सापडला होता. स्वतःच्या गाडीचा अकरा वर्षांत सापडला नाही.

अर्ध्या तासात चाक सरळ केलं. तुमच्याकडं कुठलीही जुनी गाडी असेल तर ही सुतळीची चाचणी आजच करा, खर्च शून्य आहे. त्याचबरोबर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगमध्ये, खड्डे पडलेत. आणि छोट्या पान्यानं एकेक आरा वाजवा. सगळे एका सुरात वाजले पाहिजेत, एखादा भद्द वाजला तर तो सैल आहे.

दुपारी नंदगड. इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णांना १८३१ साली इथं फाशी दिलं. त्यांच्या स्मरणाच्या वडाला नवसाचे पाळणे बांधलेले असतात. तिथं तिघंही फार बोललो नाही. पुढं हलशी, कदंबांची जुनी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधे उभं राहिलं की दोन्हीकडून आपल्याकडं बघितलं जातं. ऊन उतरतं झालं होतं आणि काळा दगड तापून ऊबदार लागत होता. इथं दुपार सोडून या, आणि पाणी बरोबर ठेवा.

चौथा दिवस : गोकाकवरून परत

आतेभाऊ निपाणीपर्यंत सोडायला आला. गाड्या अदलाबदल करूनच चालवल्या, मी बुलेटवर, सर राजदूतवर, येझदी आतेभावाकडं. गोकाकचा धबधबा डिसेंबरात बारीक होतो, पण त्यामुळं ५२ मीटरचा कडा उघडा दिसतो आणि घटप्रभेनं कापलेले खडकाचे थर मोजता येतात. झुलत्या पुलावरून खाली बघताना पाय आपोआप जपून पडतात. गावात करदंट घेतलं. डिंक आणि सुकामेव्याचं आहे, खिशात ठेवलं तरी दिवसभर टिकतं, गाडीवरच्या माणसाला याहून सोयीचा खाऊ नाही.

या मोसमात एक जपा. गोकाक, हुक्केरी, संकेश्वर या पट्ट्यात ऊसतोड जोरात असते. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, बाहेर आलेली उसाची टोकं, रस्त्यावर चिपाडं. ड्रम ब्रेकवाल्यांनी अंधार पडायच्या आत हा पट्टा ओलांडावा.

तवंदी उतरायच्या आधी थांबून आतेभावाला एक गोष्ट सांगितली, कारण त्याला ऑइलपंपाच्या राजदूतची सवय. येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर पिस्टनला ऑइलही मिळत नाही. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. टू-स्ट्रोक इंजिन बुलेटसारखं गाडीला आवळूनही धरत नाही, म्हणून उतारावर वेग आधीच कमी ठेवायचा. या गोष्टी न सांगता कुणाला येझदी दिली आणि ती जाम झाली, तर तो आयुष्यभर तिला शिव्या देईल, आणि त्याचं चूक आहे असंही म्हणता येणार नाही.

सर राजदूतवरून खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा सातवीतल्या पोरासारखा झाला होता. हेल्मेट काढून म्हणाले, “उतारावर हिला सांभाळावं लागतं. पण गाडी आहे!” आतेभावानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

निपाणीत चहा घेऊन किल्ल्या परत ज्याच्या त्याला दिल्या. आतेभाऊ बेळगावकडं वळला, तो जोड सायलेन्सरचा आवाज बराच वेळ ऐकू आला. सुतळी लावल्यापासून मी येझदीवर पहिल्यांदाच बसत होतो. कोगनोळीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. उजवा हात सवयीनं हँडल रेटत होता आणि गाडी त्यामुळं उजवीकडं जात होती. कागलपर्यंत मी तो हात सैल सोडायला शिकत राहिलो.